थाई चवीचा जैन स्टर फ्राय: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

थाई पदार्थ जैन पद्धतीने करायचा म्हटलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. एखादी थाई पाककृती घेतात, तिच्यातून कांदा, लसूण आणि फिश सॉस वगळतात आणि उरलेलं शिजवतात. भाजी होते, पण चव पोकळ लागते. मग 'लसणाशिवाय थाई जमतच नाही' असं ठरवून टाकलं जातं. मला हे मुळीच पटत नाही. थाई चव आंबट, गोड, खारट आणि तिखट या चार चवींच्या तोलावर उभी असते, आणि तिच्यावर गवती चहा, लिंबाची पानं, तुळशीच्या जातीची पानं यांचा ताजा सुगंध चढतो. लसूण त्यातला एक भाग आहे, मोठा आहे, पण एकच. तो काढल्यावर पडलेली जागा कशाने भरायची ते एकदा कळलं की भाजी अपुरी लागत नाही.

इथे दिलेली स्टर फ्रायची, म्हणजे मोठ्या आचेवर झटपट परतलेल्या भाजीची, कृती दोन ते तीन माणसांना पुरेल एवढी आहे. कढईखाली आच पेटल्यापासून वाढेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्याआधीची तयारी मात्र तासाभराची आहे, आणि सगळी कमाल त्या तासातच आहे.

भाजी आणण्याआधी

स्वतःच्या घरासाठी करत असाल तर तुमचे नियम तुम्हाला माहीत आहेत. जैन पाहुण्यांसाठी करत असाल तर आधी विचारून घ्या. 'जैन' म्हणजे सगळीकडे सारखी अशी एक यादी नसते. कंदमुळं नाहीत हे जवळपास सगळीकडे पाळलं जातं: कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळं, ओलं आलं, ओली हळद. मांस, मासे, अंडी आणि मध नाहीत. मशरूम नाही. मोड आलेली कडधान्यं बरीच घरं टाळतात. वांगं बहुबीज, म्हणजे खूप बिया असलेलं, म्हणून अनेकांना चालत नाही. फ्लॉवर आणि ब्रोकोलीच्या तुऱ्यांत आणि कोबीच्या पानांत बारीक जीव लपून राहतात, म्हणून त्याही बऱ्याच घरांत येत नाहीत. चातुर्मासात अनेक जण पालेभाजी सोडतात. अष्टमी-चतुर्दशीला, आणि काही घरांत पंचमीलाही, हिरवी भाजी होत नाही.

सुंठ आणि हळदीची पूड मात्र बहुतेक घरांत चालते, कारण ती वाळवलेली असते. शेंगदाणे जमिनीखाली वाढत असले तरी कंद नाहीत, त्यामुळे तेही बहुतेकांना चालतात. तरीही विचारावं. 'तुमच्याकडे सुंठ चालते का? सोया सॉस चालतो का? पानं चालतील का?' हे तीन प्रश्न विचारले की निम्मी चिंता मिटते, आणि आपण काळजी घेतोय हे पाहुण्यांनाही जाणवतं.

वेळेचंही पाहा. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यांसाठी करत असाल तर उलटी गणती करा. काही जण सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं आधीच जेवण आटोपतात. स्टर फ्राय कढईतून थेट ताटात गेला तरच त्याला अर्थ आहे, त्यामुळे भाज्या चिरायला दुपारीच बसावं लागतं. दिवसाच्या उजेडात भाजी नीट निवडताही येते.

तुमच्या स्वयंपाकघरात एरवी कांदा-लसूण होत असेल तर पाटी, सुरी आणि मिक्सरचं भांडं गरम पाण्याने स्वच्छ धुऊन घ्या. दगडी खलबत्त्यात लसूण कुटलेला असेल तर तो या कामाला घेऊ नका. दगडात वास मुरतो आणि धुऊनही जात नाही. तेलही नवीन काढा, आधी काही तळलेलं नको.

बाटल्या, डबे आणि त्यांतले सापळे

नवख्या माणसाची खरी अडचण बाजारात होते. पाकिटावर शाकाहारी असल्याची खूण आहे, म्हणून ते जैनांना चालेल असं अजिबात नाही.

तयार रेड किंवा ग्रीन करी पेस्टमध्ये लसूण, छोटे कांदे आणि गलांगल बहुतेक वेळा असतंच. गलांगल म्हणजे आपलं कुळिंजन, आल्याच्या कुळातला कंद. अनेक पेस्टांमध्ये वाळवलेल्या कोळंबीचा गोळाही असतो. श्रीराचा नावाच्या मिरचीच्या सॉसमध्ये लसूण असतो, गोड चिली सॉसमध्येही असतो. 'नाम फ्रिक फाओ' नावाची भाजलेल्या मिरचीची थाई चटणी रंगाने फार मोहात पाडते, पण ती लसूण, कांदा आणि बहुतेक वेळा सुकी कोळंबी घालूनच करतात. ऑयस्टर सॉसची शाकाहारी बाटली मिळते, ती मशरूमपासून केलेली असते. घटकांच्या यादीत ६३१ आणि ६२७ हे चव वाढवणाऱ्या पदार्थांचे आकडे दिसले तर ती बाटली परत ठेवा. ते मासे किंवा मांसापासूनही काढतात आणि वनस्पतिजन्यही असू शकतात, आणि नुसत्या आकड्यावरून ते ओळखता येत नाही.

डब्यात मिळणाऱ्या 'वॉटर चेस्टनट'च्या पांढऱ्या चकत्या पाहून शिंगाडा समजून घेऊ नका. शिंगाडा पाण्यावर पसरणाऱ्या वेलीचं फळ आहे. थाई आणि चिनी स्वयंपाकातली ती चकती मात्र चिखलात वाढणाऱ्या एका लव्हाळ्याचा कंद असते. बांबूचे कोवळे कोंबही अनंतकाय, म्हणजे एकाच शरीरात अनंत जीव असलेले, मानले जातात, त्यामुळे तेही नकोत. सॉस दाट करायला टॅपिओका किंवा आरारूट सांगितलेलं असेल तर दोन्ही कंदांपासून निघतात. त्यांच्याऐवजी मक्याचं कॉर्नफ्लोअर घ्या, काम तेच होतं.

एक खूण मात्र खरोखर उपयोगाची आहे. थायलंडमध्ये 'जे' नावाचं व्रताचं जेवण असतं. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस ते मोठ्या प्रमाणावर पाळलं जातं, आणि फुकेतचा उत्सव त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. या जेवणात मांस-मासे, अंडी आणि दूध तर नसतंच, शिवाय लसूण आणि कांद्याच्या जातीचं काहीही नसतं. पिवळ्या पट्टीवर लाल रंगात त्याचं थाई अक्षर छापलेलं असतं, ते इंग्रजी आकड्यांत लिहिलेल्या सतरासारखं दिसतं. सॉसच्या बाटलीवर ही खूण असेल तर लसूण-कांद्याची आणि माशांची काळजी मिटली. पण 'जे' जेवणात मशरूम, मुळा, गाजर, बटाटा सगळं चालतं. म्हणजे ही खूण तुम्हाला अर्ध्या वाटेपर्यंत आणते, उरलेली यादी तरीही वाचायचीच.

माझं सरळ मत असं की पेस्ट घरीच करावी. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ताज्या वाटणाचा वास डब्यातल्या पेस्टला कधीच येत नाही.

सोया सॉसचा निर्णय

थाई पदार्थांतला खारटपणा नुसता मिठाचा नसतो. फिश सॉस मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून करतात, आणि त्यातून मीठ तर येतंच, शिवाय जिभेवर रेंगाळणारा एक भरीवपणा येतो. 'जे' स्वयंपाकात ती जागा सोया सॉस घेतो. पण सोया सॉसही आंबवून, मुरवूनच होतो, त्यामुळे काटेकोर पाळणाऱ्या घरांत तो चालत नाही. व्हिनेगरचंही तेच.

सोया सॉस चालत असेल तर हलक्या रंगाचा, पातळ घ्या. गडद सॉसने भाजी काळपट होते. चालत नसेल तर भरीवपणा तीन गोष्टींतून उभा करायचा: मऊ होईपर्यंत परतलेला पिकलेला टोमॅटो, भाजून कुटलेले तीळ, आणि तेलात नीट फुललेला हिंग. टोमॅटोमध्ये तो भरीवपणा देणारं ग्लुटामेट निसर्गतःच असतं, आणि आटवला की ते एकवटतं. मला तर हीच पद्धत जास्त आवडते. सोया सॉसची चव सगळ्या भाज्यांवर सारखी पसरते, टोमॅटो-तिळाच्या मेळात गवती चहा जास्त खुलतो.

लसणाच्या जागी काय

थाई स्वयंपाकाचं मूळ वाटण म्हणजे लसूण, कोथिंबिरीची मुळं आणि पांढरी मिरी. पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडे बाद. पांढरी मिरी राहते, आणि ती भरपूर वापरायची. कोथिंबिरीच्या मुळांच्या जागी तिच्या देठांचा खालचा जाड भाग घ्या, मुळापासून बोटभर वर कापून. त्याला पानांपेक्षा खोल वास असतो. जोडीला भाजलेले धणे.

लसणाचं काम हिंग करतो, पण हिंग कच्चा राहिला तर औषधी लागतो आणि जळला तर कडू होतो. मध्यम गरम तेलात टाकून आठ-दहा सेकंदांत त्याचा उग्र वास मवाळ होतो. तेवढाच वेळ द्यायचा.

गलांगलचा वास थोडा लिंबाचा, थोडा मिरीचा असतो. गवती चहा, मक्रुत लिंबाची (काफिर लाइमची) पानं आणि चिमूटभर सुंठ एकत्र वाटलं की त्याच्या बरंच जवळ जातं. मक्रुत लिंबाचं पान दोन पानं टोकाला जोडल्यासारखं दिसतं. त्याची मधली जाड शीर काढून टाकायची, ती वाटली जात नाही आणि दातांत येते. ही पानं मिळाली नाहीत तर हिरव्या लिंबाची साल किसून घ्या. फक्त वरची हिरवी साल, खालचा पांढरा भाग कडू असतो.

गवती चहाबद्दल नवख्यांचा गोंधळ होतो. चहात आपण पाती टाकतो, थाई वाटणात मात्र देठाचा खालचा फिकट भाग वापरतात. मूळ आणि त्याला लागून असलेली टणक गाठ कापून टाका, बाहेरची दोन-तीन सालं सोलून काढा, आणि आतला कोवळा भाग अगदी पातळ चकत्यांत चिरा. जाड चिराल तर मिक्सरमध्ये कितीही फिरवा, धागे राहतात. एखाद्या घरात देठाचा खालचा भाग नको असेल तर पातींची जुडी बांधून नारळाच्या दुधात पाच मिनिटं उकळा आणि काढून टाका. वास चांगला उतरतो.

शेवटी पडणारी पानं म्हणजे थाई बेसिल. तिच्यात बडीशेपेची झाक असते. ती मिळाली नाही तर सब्ज्याच्या रोपाची पानं वापरा, दोन्ही एकाच जातीची आहेत. तुळस घातली तर वास लवंगेकडे झुकतो. थायलंडमध्ये 'क्रपाओ' म्हणतात ती तुळशीचीच जात, त्यामुळे तीही परकी नाही.

भाज्या

चार भाज्या पुरेत. जास्त झाल्या की प्रत्येकीचा शिजायचा वेळ सांभाळताना तारांबळ उडते. या कृतीसाठी घ्या: चवळीच्या कोवळ्या शेंगा किंवा फरसबी १०० ग्रॅम, बेबी कॉर्न १०० ग्रॅम, एक मोठी ढोबळी मिरची (लाल किंवा पिवळी असेल तर रंग छान येतो), आणि झुकिनी १०० ग्रॅम. झुकिनीच्या जागी कोवळा दोडकाही उत्तम, थायलंडमध्येही दोडका परतून खातात. दोडका पाणी सोडतो, एवढं ध्यानात ठेवा. शिवाय एक घट्ट टोमॅटो आणि मूठभर काजू.

निवडताना घाई नको. ढोबळी मिरची बाहेरून तुकतुकीत असली तरी आत अळी असू शकते, म्हणून देठाकडून उघडून आधी आत पाहा, मगच चिरा. शेंगेवर बारीक भोक दिसलं तर ती उकलून पाहा. बेसिलची पानं दोन्ही बाजूंनी उजेडात धरून बघा. ही जयणा, म्हणजे जीवांना इजा होऊ नये म्हणून घेतलेली काळजी, जैन स्वयंपाकाचा गाभा आहे. भाजी गाळलेल्या पाण्याने धुवा.

चिरताना आकार सारखा ठेवा. शेंगा बोटाच्या दोन पेरांएवढ्या. बेबी कॉर्न उभे दोन भाग. ढोबळी मिरची बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत. झुकिनी अर्धगोल, जाडसर, कारण पातळ चकत्या आचेवर विरघळून जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेंगा आणि बेबी कॉर्न उकळत्या पाण्यात एक मिनिट टाकून काढा, आणि मग सगळ्या भाज्या सुती कापडावर पसरून वीस मिनिटं पूर्ण कोरड्या होऊ द्या. अगदी हाताला कोरड्या लागल्या पाहिजेत. ओली भाजी कढईत गेली की तेल थंड होतं, वाफ धरते आणि स्टर फ्रायऐवजी उकडलेली भाजी हाती येते. बहुतेकांचा पहिला प्रयत्न इथेच फसतो, आणि दोष मसाल्याला दिला जातो.

वाटण आणि सॉस

वाटणासाठी: सुक्या लाल मिरच्या ३-४, बिया काढून कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवलेल्या, धणे १ चहाचा चमचा आणि जिरे अर्धा चमचा, दोन्ही कोरडे भाजून, पांढरी मिरी अर्धा चमचा, गवती चहाचा एक देठ, मक्रुत लिंबाची ३ पानं, कोथिंबिरीचे ८-१० देठ, सुंठ पाव चमचा, मीठ चिमूटभर. कोरडे मसाले आधी कुटा, मग ओल्या वस्तू घाला. पाणी शक्यतो नकोच. मिक्सर फिरत नसेल तर चमचाभर नारळाचं दूध टाका.

सॉससाठी: चिंचेचा दाट कोळ १ मोठा चमचा, ताडगूळ किंवा साधा गूळ किसून २ चहाचे चमचे, नारळाचं दाट दूध ४ मोठे चमचे, आणि सोया सॉस १ मोठा चमचा. सोया सॉस नको असेल तर अर्धा चमचा मीठ, आणखी एक पिकलेला टोमॅटो बारीक चिरून, आणि भाजून कुटलेले तीळ १ मोठा चमचा. कॉर्नफ्लोअर १ चहाचा चमचा दोन मोठे चमचे पाण्यात कालवून वेगळं ठेवा.

नारळाचं दूध घरी काढणार असाल तर ओलं खोबरं थोड्याच कोमट पाण्यात वाटून पिळा. पहिलं दूध दाट निघतं, तेच हवं. हे दूध जनावराचं नसल्यामुळे त्यात शेंगा किंवा शेंगदाणे पडले तरी द्विदलाचा, म्हणजे डाळवर्गीय पदार्थ कच्च्या दूध-दह्यात न मिसळण्याच्या नियमाचा, प्रश्न येत नाही, हा थाई पदार्थांचा जैन स्वयंपाकाला मिळणारा मोठा फायदा आहे.

सगळं वाट्यांमध्ये मांडून कढईशेजारी ठेवा. आच पेटल्यावर काही शोधायला वेळ मिळत नाही.

आचेवर

कढई मोठी हवी. लोखंडी असेल तर उत्तम, ती उष्णता धरून ठेवते. नॉनस्टिक भांडं रिकामं, मोठ्या आचेवर तापवणं बरं नाही, त्यामुळे ते या कामाला नको.

आधी मंद आचेवर एक मोठा चमचा तेलात काजू फिकट सोनेरी करून काढून घ्या. काढल्यावरही ते आतल्या उष्णतेने आणखी गडद होतात, म्हणून थोडे आधीच काढा.

त्याच तेलात पाव चमचा हिंग. दहा सेकंद. लगेच वाटण घाला, आणि त्यावर नारळाच्या दाट दुधाचे दोन चमचे. मध्यमपेक्षा कमी आचेवर तीन-चार मिनिटं परता. सुरुवातीला वाटण ओलसर, फिकट दिसतं आणि मिरचीचा कच्चा वास येतो. मग ते हळूहळू गोळा व्हायला लागतं, कडेने तांबूस तेलाचे थेंब सुटतात आणि गवती चहाचा वास एकदम मोकळा होतो. तो क्षण ओळखायला शिका. तेल सुटण्याआधी थांबलात तर पुढे काहीही केलं तरी चव कच्चीच राहते. बिनसोयाची कृती असेल तर आता चिरलेला टोमॅटो घालून तो पार आळेपर्यंत परता. मग चिंच, गूळ, मीठ किंवा सोया सॉस, आणि उरलेलं नारळाचं दूध. गूळ विरघळला की हा सॉस वाटीत काढून घ्या.

सॉस काढून घ्यायचं कारण असं की वाटणाला मंद आच लागते आणि भाज्यांना प्रखर. दोन्ही एकाच वेळी केलं तर हिंग-मसाला जळतो, नाहीतर भाजी मऊ पडते.

कढई पुसून घ्या आणि आच पूर्ण मोठी करा. कढईत पाण्याचा थेंब टाकला तर तो गोळी होऊन नाचला पाहिजे. एक मोठा चमचा तेल घाला, ते चकाकून त्यातून धुराची बारीक रेघ निघाली की शेंगा आणि बेबी कॉर्न घाला. चरचर मोठा आवाज आला पाहिजे. अर्धा मिनिट हात लावू नका, तळाला लागलेल्या बाजूवर तपकिरी ठिपके येऊ द्या. मग उलथन्याने खालून वर उलटवत दीड मिनिट परता आणि ताटात काढा. पुन्हा थोडं तेल, आणि आता ढोबळी मिरची व झुकिनी, जेमतेम एक मिनिट.

दोन घाण्यांत करायचं कारण घरचा गॅस. थाई हातगाड्यांवरच्या बर्नरची ज्योत खूपच प्रखर असते, तिथे सगळं एकदम टाकलं तरी कढई थंड होत नाही. घरी होते. एका वेळी कढईचा तळ जेमतेम झाकला जाईल एवढीच भाजी घालावी. आणि भाजीवर मीठ आधी टाकू नका, मिठाने पाणी सुटतं.

आता पहिला घाणा परत कढईत घ्या. सॉस मध्ये न ओतता कडेने सोडा, तापलेल्या कडेवरून उतरताना तो थोडा भाजला जातो. कॉर्नफ्लोअरचं पाणी ढवळून घाला, अर्धं मिनिट परता. सॉस भाज्यांना चिकटून चकाकायला लागला की टोमॅटोच्या फोडी, काजू आणि मूठभर बेसिलची पानं घाला. गॅस बंद. पानं उरलेल्या उष्णतेवरच कोमेजली पाहिजेत. बिनसोयाच्या कृतीत तीळ आता. सगळ्यात शेवटी अर्ध्या लिंबाचा रस, कारण आचेवर टाकलेल्या लिंबाचा ताजेपणा उडून जातो.

चाखून सुधारणं

वाढण्याआधी एक फोड चाखा. काहीतरी कमी वाटतंय पण नेमकं काय ते कळत नाही, असं असेल तर बहुतेक वेळा मीठ कमी असतं. नवखे आधी तिखट वाढवतात आणि तिथेच बिघडतं. मीठ बरोबर असूनही चव जड, बसकी वाटली तर लिंबू पिळा. आंबट टोचत असेल तर किसलेला गूळ चिमटीने. फार तिखट झालं तर नारळाचं दूध चमचाभर. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा चाखा.

थाई टेबलावर चार छोट्या वाट्या असतात, ज्याने त्याने आपली चव लावून घ्यायची. आपणही तसं करावं: कुटलेली सुकी मिरची, किसलेला गूळ, लिंबाच्या फोडी, भाजलेल्या शेंगदाण्यांचं भरड कूट. घरात लहान मुलं आणि तिखट खाणारे दोन्ही असतील तर यातच सुख आहे.

सोबत जास्मिन तांदळाचा साधा भात. तांदूळ दोनदा धुऊन, एक वाटीला सव्वा वाटी पाणी, झाकण घट्ट, मंद आच, आणि झाल्यावर दहा मिनिटं न उघडता ठेवा. मीठ घालत नाहीत. भाजीचा सॉस खारट-आंबट असतो, त्याला भात फिकाच हवा.

चातुर्मास आणि तिथी

पानं चालत नसतील तर बेसिल आणि कोथिंबीर सोडा, धण्यांचं प्रमाण दीडपट करा आणि शेवटी लिंबाची किसलेली साल घाला. गवती चहा आणि मक्रुतची पानं चालतात का, ते त्या घरात विचारूनच ठरवा.

हिरवी भाजी नसलेल्या तिथीला हीच चव तांदळाच्या नूडल्सवर आणता येते. चपट्या नूडल्स साध्या पाण्यात अर्धा तास भिजवून निथळून घ्या. घटकांच्या यादीत टॅपिओका नाही ना, ते पाहा. वाटणात सुकी मिरची, धणे, जिरे, मिरी, सुंठ एवढंच. हिंगाची फोडणी, चिंच-गुळाचा सॉस, मीठ, नूडल्स, आणि वर भरपूर भाजलेले शेंगदाणे व तीळ. नूडल्स कढईला चिकटायला लागल्या तर तेल वाढवू नका, पाण्याचा हबका मारा.

उरलं तर

शिजवलेलं दुसऱ्या दिवशी न खाणाऱ्या घरासाठी मोजूनच करा. ओलं वाटणही रात्रभर ठेवू नका. वेळ वाचवायचा असेल तर धणे, जिरे आणि मिरीची कोरडी पूड आधी करून ठेवता येते. दिगंबर परंपरेत दळलेल्या वस्तूंची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस मानतात, त्या हिशेबाने थोडीच करा. वाटण जास्त झालंच तर त्याच दिवशी उरलेल्या नारळाच्या दुधात उकळा, त्यात मक्याचे दाणे आणि लाल भोपळ्याच्या फोडी शिजवा, मीठ आणि लिंबू घाला. भाजी परतेपर्यंत शेजारच्या शेगडीवर हे सूप तयार होतं आणि भाताबरोबर त्याच जेवणात संपतं.